साइडपट्टी

अब्बांचे सायकलचे दुकान धुळ्यात, आग्रा रोडला मिळणाऱ्या एका गल्लीत होते. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. पुढे ताडपत्री, ताडपत्रीखाली पंक्चर तपासायचे पाण्याचे घमेले, हवा भरायचा उभा पंप आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या भाड्याच्या सात सायकली. तासावर सायकल घेऊन जाणाऱ्यांची नावे अब्बा उर्दूत वहीत लिहीत आणि बाहेर पाटीवर मराठीत भाडे लिहिलेले असे. शाळा सुटली की आम्ही दुकानावर. ट्यूबला सोल्युशन लावून फुंकर मारणे, फ्रीव्हीलला तेल देणे, तारा कसून रिमचा आउट काढणे ही कामे आम्हाला पाढ्यांच्या आधी आली.

त्या काळी आमच्या लोकांची निम्मी रोजी सायकलवर चालायची, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अत्तर विकणारे चाचा हँडलला लाकडी पेटी बांधून यायचे. बांगड्यावाले कॅरिअरवर हारे चढवून खेड्यांच्या बाजाराला जायचे. पिंजारी भाऊ गाद्या पिंजायची ती लांब धनुकली नळीला आडवी बांधून निघायचे, आणि त्यांची सायकल गल्लीत वळताना सगळ्यांना मागे सरावे लागे. बागवान, कल्हईवाले, भंगारवाले, कुल्फीवाले, उर्दू शाळेचे मास्तर, सगळे अब्बांचे गिऱ्हाईक. कोणाची चेन उतरली की त्याची त्या दिवसाची कमाई उतरली, हे अब्बांना कळत असे. म्हणून पैसे नंतर दिले तरी चालत, काम मात्र लगेच.

धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना नंबर आहेत, हे बाहेरगावच्या माणसाला नवल वाटते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने धुळ्याला मुख्यालय केले आणि नवी पेठ वसवली. सरळ गल्ल्यांमुळे सायकल शिकणाऱ्याची चांगली सोय होती. आम्ही त्याच गल्ल्यांत नळीखालून पाय घालून सायकल शिकलो. पण खरी परीक्षा आग्रा रोडवर. एके दिवशी फजरच्या नमाजनंतर अब्बा आम्हाला आग्रा रोडवर घेऊन गेले. आम्ही भीतीने अगदी कडेला चिकटून चालवत होतो. मागून त्यांचा आवाज आला, "किनारे से मत चला. किनारेवालाच आधी गिरता."

मग थांबवून त्यांनी समजावले. कडेला खिळे असतात, शेण असते, कुत्रे झोपलेले असते, पोर अचानक धावत येते, टांग्यातून कोणी उतरते. तू घाबरून आत वळतोस आणि नेमका मागच्याच्या चाकाखाली येतोस. म्हणून कडेपासून दीड हात आत राहायचे, सरळ रेषेत चालवायचे, मागच्याला दिसायचे. आणि दुसरे सांगितले ते पुढच्या चिमट्याला लावलेल्या बिल्ल्याकडे बोट दाखवून. तेव्हा नगरपालिका सायकलीवर दर वर्षी कर घ्यायची आणि धातूचा बिल्ला द्यायची. बिल्ला नसला की दंड, रात्री दिवा नसला की दंड, डबलसीट सापडलात की दंड. अब्बा म्हणाले, "हा बिल्ला आहे ना, म्हणजे सडकेचे पैसे आपण भरलेत. सडक आपलीसुद्धा आहे. चोरासारखा चालवू नकोस."

हे वाक्य आम्ही जन्मभर जपले. आमच्या एका माणसासाठी तेच वाक्य आम्ही विसरायला लावले, त्याची ही हकिकत आहे.

धुळे हे सडकांचे गाव. मुंबई-आग्रा हा ३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आणि सुरतकडून येऊन नागपूरमार्गे कोलकात्याला जाणारा ६ नंबरचा, हे दोन्ही इथे एकमेकांना छेदत. सोलापूरकडून येणारा २११ नंबरचाही इथेच येऊन मिळे. २०१० नंतर सगळ्यांचे नंबर बदलले, सहाचा त्रेपन्न झाला, पण आमच्या तोंडी अजून जुनेच नंबर आहेत. १९७४ साली जळगावला मामूंच्या घरी लग्न होते. एस.टी.चे भाडे वाचवायचे म्हणून भाईजान आणि आम्ही एकाच सायकलवरून निघालो. भाईजान आमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. नव्वद किलोमीटरचा रस्ता. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी आणि मग गिरणेचा पूल. चढाला आम्ही उतरून चालायचे, उताराला पुन्हा कॅरिअरवर बसायचे.

रस्ता तेव्हा जेमतेम दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील एवढा. दोन्ही बाजूंना कडुनिंब, चिंचा. मध्येच केळीने भरलेला ट्रक मागून यायचा, हॉर्न द्यायचा आणि आम्ही बाजूला होईपर्यंत रांगत राहायचा. ट्रकच पस्तीस-चाळीसच्या वर पळत नसत. मुकटीच्या पुढे एक बैलगाडी मध्यातून चाललेली. भाईजानांनी घंटी वाजवली तर गाडीवानबाबा मागे वळून म्हणाले, "तुना बापनी सडक शे का रे?" भाईजान हसून म्हणाले, "बाबा, तुमनी बी शे, मनी बी शे." बाबाही हसले आणि गाडी बाजूला घेतली. सायकल, बैलगाडी, ट्रक, एस.टी. यांची एकच सडक होती आणि ती सगळ्यांना पुरत होती. ते दिवस फार सोन्याचे होते असे आम्हाला म्हणायचे नाही. अपघात तेव्हाही होत. पण सगळ्यात जोरात जाणारा आणि सगळ्यात हळू जाणारा यांच्यातले अंतर तेव्हा माणसाच्या आवाक्यातले होते.

१९८२ साली आम्हाला जळगावात शिक्षकाची नोकरी लागली. काही वर्षांनी धुळ्यात मागावरचे काम सुटले म्हणून भाईजानही आले. जळगावच्या एम.आय.डी.सी.त प्लास्टिकच्या चटया विणण्याचे कारखाने आहेत. तिथल्या एकात त्यांना काम मिळाले. मेहरूणला दोन खोल्या घेतल्या. जळगावची रचना अशी की, महामार्ग गावाला मधोमध चिरत जातो. मेहरूण एका बाजूला, जुने गाव आणि बाजारपेठ दुसऱ्या बाजूला. शाळेला, बाजाराला, दवाखान्याला जायचे तर इच्छादेवी चौकात महामार्ग ओलांडायचा. एम.आय.डी.सी.ला जायचे तर तोच महामार्ग धरून अजिंठा चौफुलीकडे. दुसरा रस्ता नाही.

सकाळ-संध्याकाळ पाळी सुटली की त्या महामार्गावर सायकलींची रांग लागे. डाळ मिल, तेल मिल, चटई, पाइप या सगळ्या कारखान्यांचे कामगार. कॅरिअरला डबा, गळ्यात मफलर. आणि त्याच डांबरावर गुजरातेतून विदर्भाकडे, तिथून पुढे कोलकात्याकडे जाणारे ट्रक, टँकर, खाजगी बस. आता ते चाळीसने जात नव्हते. सत्तर-ऐंशीने जात होते.

भाईजान अब्बांचेच शिष्य. ते डांबराच्या कडेपासून दीड हात आत चालवत. एकदा आम्ही त्यांच्या मागून येत होतो. एका बसने त्यांच्या कोपराला चाटून जावे इतक्या जवळून त्यांना ओलांडले. आमच्या काळजाचा ठोका चुकला. घरी आल्यावर आम्ही म्हणालो, "भाईजान, डांबरावर चालवू नका. साइडपट्टीने जात जा."

ते म्हणाले, "अब्बा काय सांगायचे, विसरलास?"

आम्ही म्हणालो, "अब्बांच्या वेळची सडक वेगळी होती."

त्यांनी दोन-तीन दिवस ऐकले नाही, मग ऐकले. घरात शिकलेला आम्हीच होतो. शिकलेल्याचे ऐकायचे, अशी त्यांची समजूत.

साइडपट्टी म्हणजे काय, हे ज्याने तिच्यावरून सायकल चालवली त्यालाच कळते. डांबर जिथे संपते तिथे चार बोटे, कुठे वीतभर खाली मुरमाची पट्टी. त्यात खडी, फुटलेल्या काचा, बाभळीचे काटे. दर शंभर पावलांवर एखादा उभा ट्रक, रसाची गाडी, वाळूचा ढीग. तिथे आले की सायकलवाल्याला पुन्हा डांबरावर चढावे लागते. आणि चाक त्या तुटलेल्या कडेला तिरपे घासले तर वर चढत नाही. कडेलाच धरून बसते, हँडल हातात राहत नाही आणि माणूस रस्त्याच्या बाजूला आडवा होतो. सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या मुलांना हे सांगावे लागत नाही. तरी आम्ही भाईजानांना तिथे पाठवले.

२००९चा डिसेंबर. मगरिबनंतर ते रात्रपाळीला निघाले. अजिंठा चौफुलीच्या अलीकडे एक ट्रक कडेला उभा होता. तो चुकवायला ते डांबरावर चढू गेले. ट्रकवाला पळून गेला नाही, ही गोष्ट आम्ही नेहमी सांगतो. ज्याच्या ट्रकखाली ते आले त्या पोराने स्वतः त्यांना उचलून रिक्षात घातले, आमच्यापुढे हात जोडून रडला. म्हणत होता, "एकदम सामने आ गये." ते खरेच होते. भाईजान दोन दिवस होते, मग गेले. कागदावर लिहिले गेले की, सायकलस्वाराचा तोल गेला. तेही खरेच होते. फक्त तोल का गेला, याचा रकाना त्या कागदात नव्हता.

मातमपुर्सीला आलेले लोक हळू आवाजात विचारत, "अंधारात हायवेवर सायकल कशाला चालवायची?" भाभी दाराआडून म्हणाल्या, "मग कुठे चालवायची होती?" त्याचे उत्तर कोणाकडे नव्हते. आमच्याकडेही नव्हते, आणि आमच्याकडे तर त्याहून मोठा प्रश्न होता. अब्बांचे ऐकून ते डांबरावरच राहिले असते तर वाचले असते का? की त्या बसने कधीतरी गाठलेच असते? हे आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही.

२०१८ साली जळगावात समांतर रस्त्यांसाठी मोठे आंदोलन झाले. महामार्गावर माणसे मरतच होती. वकील, डॉक्टर, व्यापारी, विद्यार्थी सगळे रस्त्यावर आले. मागणी अशी की, महामार्गाच्या दोन्ही बाजूंना गावातल्या माणसांसाठी वेगळे रस्ते करा. आमच्या ओळखीचे एक सर आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुमच्या घरात घडले आहे. तुम्ही बोलले पाहिजे. सायकलवाल्यांना वेगळी वाट मागा."

आम्हाला 'वेगळी' हा शब्द टोचला. आता सांगायला हरकत नाही. १९८२ साली आम्ही या गावात भाड्याने खोली शोधत होतो तेव्हा एका भल्या घरमालकाने चहा पाजून सांगितले होते, "मास्तर, तुम्हाला तुमच्या वस्तीतच बरे पडेल." शब्द प्रेमाचे होते, आमच्या भल्याचे होते. पण दार बंद झाले ते झालेच. तेव्हापासून कोणी आपल्या भल्यासाठी वेगळे काही देऊ लागला की आम्ही आधी दाराकडे पाहतो. सायकलला वेगळी वाट म्हणजे उद्या सडकेवर पाटी लागणार: सायकलला मनाई. आणि ही नुसती शंका नव्हती. कोलकात्यात २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली होती. दूधवाले, पेपरवाले, कारागीर ज्या रस्त्यांवरून पोट भरत होते ते त्यांना बंद झाले, आणि वेगळी वाट तर कोणी केलीच नव्हती.

त्या वेळी आम्ही पहिल्यांदा या विषयावर मिळेल ते वाचायला बसलो. वाचून कळले की, आमच्या मनातले भांडण जगात फार जुने आहे. लंडनमध्ये १९३४ साली सरकारने वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यालगत खास सायकलचा मार्ग बांधला. मोटारवाले खूश झाले आणि सायकलवाल्यांच्या संघटनेने विरोध केला. त्यांचे म्हणणे अगदी अब्बांसारखे: सडक आमचीही आहे, आम्हाला बाजूला काढू नका. त्याच १९३४ साली जर्मनीत कायदा झाला की, जिथे सायकलचा मार्ग असेल तिथे सायकलवाल्याने त्यावरूनच गेले पाहिजे. हेतू एकच, मोटारींना रस्ता मोकळा करून देणे. ही सरसकट सक्ती तिथे १९९८ साली सैल झाली. आता जिथे निळी गोल पाटी आहे तिथेच ती लागू आहे. अमेरिकेत जॉन फॉरेस्टर नावाच्या इंजिनिअरने १९७६ साली पुस्तक लिहून सायकलवाल्यांना शिकवले की कडेला दबून चालू नका, इतर वाहनांसारखे रस्त्यात जागा घ्या, दिसा. वाचताना आम्ही थबकलो. आमच्या अब्बांनी आग्रा रोडवर हेच सांगितले होते, आणि त्यांना तर इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते.

म्हणजे अब्बाच बरोबर, असे म्हणून आम्ही पुस्तक मिटवणार होतो. पण आमचा पुतण्या, भाईजानांचा मुलगा, इंजिनिअर होऊन हॉलंडमध्ये आइंडहोवनला नोकरीला गेला होता. बाप गेला तेव्हा तो बारावीत होता. त्यानंतर त्याने घरातली सायकल कधी हातात धरली नव्हती. एके दिवशी त्याचा फोन आला, "चाचा, मैं सायकल से ऑफिस जाता हूँ." आम्हाला काय बोलावे सुचेना. पुढच्या वेळी त्याने व्हिडिओ कॉल लावून रस्ता दाखवला. मोटारींचा रस्ता, मग गवताची पट्टी, मग लाल डांबराचा सायकलचा मार्ग, मग पायी जाणाऱ्यांचा. चौकात सायकलींचा वेगळा सिग्नल. त्यावरून दप्तर लावलेली पोरे, म्हाताऱ्या बाया, हिजाब बांधलेली एक मुलगी, सूट घातलेले साहेब, सगळे चाललेले. कोणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही, चेहऱ्यावर घाई नाही.

आम्ही म्हणालो, "ती श्रीमंत माणसे. आधीपासूनच शहाणी."

तो म्हणाला, "नाही चाचा. यांनीही आधी रडून घेतले आहे."

मग त्याने सांगितले, आणि नंतर आम्ही ते पडताळून पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्येही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून जास्त मुले होती. एका पत्रकाराची मुलगी शाळेत जाताना मोटारीखाली गेली. त्याने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याच्या मथळ्यावरून चळवळीला नाव पडले: मुलांचे खून थांबवा. आया रस्ते अडवून बसल्या. १९७३ साली तेलाची टंचाई आली, काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा लोकांनी आपलेच रस्ते रिकामे पाहिले. मग मार्ग बांधले गेले. म्हणजे तो लाल रस्ता आकाशातून उतरलेला नाही. त्याच्याखाली मुले आहेत.

आम्ही विचारले, "पण तिथे तुम्हाला मोठ्या सडकेवर येऊ देतात का?"

"जिथे मार्ग आहे तिथे त्यावरूनच जायचे, असा कायदा आहे. पण मार्ग सडकेपेक्षा चांगला आहे, मग सडकेवर कोण जाईल? आणि मोहल्ल्यातल्या गल्लीत वेगळा मार्ग नसतोच. तिथे मोटार तीसच्या वर चालवायची नाही. काही रस्त्यांवर तर पाटीच असते की, इथे सायकल घरची, मोटर मेहमान है."

मोटार पाहुणी! आम्ही त्याला पुन्हा विचारले, थट्टा तर करत नाही ना. त्याने पाटीचा फोटो पाठवला. लाल पाटी, पुढे सायकल, तिच्यामागे लहानशी मोटार, आणि खाली डच भाषेत तेच लिहिलेले. पाहुण्याने घरच्यांच्या मागे, त्यांच्या चालीने चालायचे.

तेव्हा आमच्या डोक्यातला गुंता थोडा सुटला. त्या लोकांचा साधा हिशोब आहे. वेग तीसच्या आसपास असेल तर सगळे एकत्र चालू शकतात, चूक झाली तरी माणूस बहुधा वाचतो. वेग पन्नास आणि त्याच्या वर गेला की सायकलला वेगळे करायचे, कारण तिथे एका चुकीची किंमत जीव असते. अब्बांची सडक आणि भाईजानांची सडक यांत नेमका हाच फरक होता. चाळीसने रांगणाऱ्या ट्रकपुढे दीड हात आत चालवणे शहाणपण होते. ऐंशीने येणाऱ्या टँकरपुढे तेच शहाणपण पुरत नव्हते. आणि साइडपट्टी? ती ना सडक होती, ना वाट. वेगळे तर काढले, पण जागा दिली नाही. अब्बांची शिकवण चुकली नव्हती. आमचा सल्लाही, वेगळे चालवा एवढ्यापुरता, चुकीचा नव्हता. ज्या जागेवर आम्ही भाईजानांना पाठवले ती जागाच बनवलेली नव्हती.

आणि ती बनवता येत नव्हती असेही नाही. रस्ते बांधण्याचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आपल्या देशात आहे. तिने १९६२ सालीच सायकल मार्गांचे नियम छापले होते. ताशी दोनशेपेक्षा जास्त मोटारी जाणाऱ्या रस्त्यावर तासाला शंभर सायकली जात असतील तरी वेगळा मार्ग करणे योग्य, असे त्यात आहे. आमच्या चौफुलीवर पाळी सुटताना शंभर सायकली पाच-दहा मिनिटांत जात. अब्बा बिल्ल्याचे पैसे भरत होते तेव्हाच हा कागद तयार होता. दिल्लीत २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद या रस्त्यावर बससाठी आणि सायकलसाठी वेगळ्या मार्गिका केल्या. मोटारवाल्यांनी एवढा कल्ला केला की, २०१६ साली त्या उखडायला घेतल्या. सायकलवरून कामाला जाणारा टी.व्ही.वर बोलायला जात नाही. पुण्यात आम्ही असे सायकल मार्ग पाहिले की ज्यांच्या मध्ये विजेचा खांब आहे, पुढे पाणीपुरीची गाडी आहे आणि मग मार्गच संपतो. ती साइडपट्टीच, फक्त फरशी लावलेली.

म्हणून आम्ही त्या सरांना होकार दिला. सभेत दोन मिनिटे बोललो. म्हणालो, वेगळी वाट जरूर द्या, पण ती सडकेच्या तोडीची द्या. सडकेवरून हाकलायला देऊ नका. आणि आखण्याआधी पाळीवर जाणाऱ्याला एकदा विचारा की तो कुठून येतो आणि कुठे वळतो. टाळ्या पडल्या नाहीत. मागे बसलेल्या एका चटई कामगाराने मात्र मान हलवली.

पुढे जळगावातला महामार्ग खोटेनगरपासून कालिंकामाता चौकापर्यंत चौपदरी झाला. प्रभात चौकासारख्या ठिकाणी भुयारी मार्ग झाले. पाळधीपासून तरसोदपर्यंत गावाबाहेरून वळणरस्त्याचे कामही हाती घेतले गेले. जे झाले ते चांगले झाले, कृतघ्न होऊ नये. मधला दुभाजक, दिवे, यांनी फरक पडला आहे. पण सायकलची वाट कुठे आहे, असे कोणी विचारले तर आम्ही काय दाखवू? बाजूला जागा आहे तिथे चारचाकी उभ्या आहेत. सायकलीही कमी झाल्या. ज्याला हप्ता झेपतो त्याने मोटारसायकल घेतली, ज्याला झेपत नाही तो अजूनही कडेने जातो. २०११च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या पंचेचाळीस घरांत सायकल होती. ती घरे सभांमध्ये दिसत नाहीत, एवढेच.

आणि मुली आहेत. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना गावाहून शाळेत यायला सरकारकडून सायकली मिळतात. खानदेशातल्या खेड्यांच्या रस्त्यांवर सकाळी ओढणी, स्कार्फ बांधलेल्या मुलींची रांग दिसते. फार सुंदर दृश्य आहे. या मुलींच्या आजींनी सायकल फक्त नवऱ्याच्या मागे बसून पाहिली. पण सायकल दिली आणि रस्ता दिला नाही, तर ती पोर तरी कुठे चालवणार? ती त्याच तुटलेल्या कडेवरून जाते.

आमच्यात लहानपणी मदरशात शिकवतात की, वाटेतला काटा-दगड बाजूला करणे हे सुद्धा ईमानचे काम आहे, आणि वाटेवर बसणाऱ्याने वाटेचा हक्क अदा करायचा असतो. आम्ही हे पुष्कळदा ऐकले, पण आमच्याच मोहल्ल्यात नालीचा दगड वाटेत पडलेला असतो आणि दुकानाचा ओटा रस्त्यावर आलेला असतो. आमचीच तरुण पोरे बाजारातल्या गल्लीत मोटारसायकल साठने पळवतात. सरकारकडे बोट दाखवण्याआधी हेही सांगितले पाहिजे. मोहल्ल्यात वेग कमी करायला कोणाचे टेंडर लागत नाही.

भाईजानांची सायकल आम्ही ठेवली आहे. पुढचा चिमटा वाकला होता तो सरळ केला, रिम नवी टाकली. अब्बांकडून शिकलेले हात अजून विसरलेले नाहीत. आमची नात आठवीत आहे. ती मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी सायकल फिरवते. तिथे सगळे फिरायला येतात, भीती नाही. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "दादा, आता मी शाळेत सायकलवर जाणार. रिक्षा नको."

शाळा महामार्गाच्या पलीकडे. घरात सगळे नको म्हणाले. भाभी काही बोलल्या नाहीत, त्या आमच्याकडे पाहत राहिल्या. पुतण्याला फोन लावला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "चाचा, आधी तुम्ही सोबत जा. आणि साइडपट्टीने नाही."

आता रोज सकाळी ती आपल्या सायकलवर आणि आम्ही भाईजानांच्या सायकलवर निघतो. वय झाले आहे, चढाला दम लागतो. मेहरूणच्या गल्लीत ती पुढे, आम्ही मागे. इच्छादेवी चौक आला की आम्ही दोघे उतरतो, सिग्नलची वाट पाहतो. महामार्गाला लागून जो थोडा तुकडा आहे तिथे आम्ही तिला आत ठेवतो आणि स्वतः बाहेरच्या बाजूने, कडेपासून दीड हात अंतर राखून चालवतो. मागून हॉर्न वाजतात. वाजू देत. तिच्या दप्तराला मागे लाल दिवा लावला आहे.

परवा तिने विचारले, "दादा, मी एकटी कधी जाऊ?"

आम्ही म्हणालो, "वाट झाली की."

ती म्हणाली, "ती कधी होणार?"

आम्ही पायडल मारत राहिलो.